एका ओळीची नोंद

इंग्लंडमधील रोनाल्ड नॉक्स हे पुढे कॅथोलिक धर्मगुरू झाले. १९११ साली त्यांनी शेरलॉक होम्सच्या कथांना बायबल-समीक्षेचे निकष लावून त्या समीक्षेचीच थट्टा केली. वॉटसनची जखम एका कादंबरीत खांद्याला, दुसरीत पायाला! चाहत्यांनी मात्र हा खेळ मनावर घेतला.

‘स्टार वॉर्स’ चित्रपटांच्या चाहत्यांनी चालविलेला ‘वुकीपीडिया’ हा संगणकीय कोशच पाहावा. २०१४ साली निर्मात्यांनी जुन्या कादंबऱ्या ‘दंतकथा’ ठरविताच कोशकारांनी एकेका पात्राची दोन पाने केली : एक दंतकथेतले, दुसरे ‘कॅनन’मधले. शब्द आमच्याच घरचा! त्रेंतच्या परिषदेने १५४६ साली निश्चित केलेल्या बायबलच्या ग्रंथसूचीलाही हेच नाव. पडद्यावर क्षणभर दिसलेल्या परग्रहवाशालाही तेथे नाव, कुळ आणि स्वतंत्र पान लाभते. लाडक्या पात्राचे पान तर संपता संपत नाही. (इतकी टापटीप धर्मग्रामांच्या दप्तरांत क्वचितच आढळते.) आम्ही मनसोक्त हसलो.

त्याच सायंकाळी एका वृद्धेच्या मृत्यूची नोंद करण्यासाठी वही उघडली. नाव, पतीचे नाव, वय, दफनाची तारीख, ओळ भरली. आम्ही येथे आल्यापासून ती रोज पहाटेच्या मिस्साला येई. तिचे माहेर कोणते, हे आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते.