न बोलावणारा धर्म

मंगरूळपिरास दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यात नवस फेडून घरी परतणारा कुणबी हिंदूच राहतो, आणि त्याने धर्म बदलावा असा आग्रह तेथे कोणी धरीत नाही. अशा मुलखात वाढलेल्या वाचकास, परधर्मीयांस आपल्यात ओढण्याची हौसच नसलेला धर्म ही कल्पना विलक्षण वाटू नये. तथापि यहुदी धर्माविषयी आपल्याकडील सुशिक्षितांचा समज असा की, प्रथम रोमन आणि पुढे ख्रिस्ती व मुसलमान सत्तांच्या धाकाने त्याने प्रचार सोडला. यात तथ्य आहे. यहुदी नसलेल्याची सुंता करणे रोमन कायद्याने गुन्हा ठरले होते. परंतु धाकाने माणूस गप्प बसतो. गप्प बसण्याचे तत्त्वज्ञान तेवढ्याने तयार होत नाही. सत्ता हाती असताना, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात, योहान हिर्कानस या यहुदी राज्यकर्त्याने इदोमी लोकांस बळाने बाटविलेही होते. त्याच इदोम्यांत पुढे जुलमी राजा हेरोद निपजला, आणि त्याची कारकीर्द पाहता त्या बाटवाबाटवीचा लाभ यहुद्यांस झाला असे म्हणवत नाही.

खरे कारण त्या धर्माच्या घडणीत आहे. यहुदी आपला धर्म ईश्वराने एका कुळाशी केलेला करार मानतात, आणि हा करार पुष्कळसा आपल्याकडील जुन्या वतनासारखा आहे: हक्कापेक्षा चाकरीच भारी, आणि चुकल्यास जाब वतनदारालाच. यहुद्याच्या शिरावर सहाशे तेरा आज्ञा. नोहाच्या वंशजांस, म्हणजे उर्वरित मनुष्यमात्रास, केवळ सात. त्या सात पाळणाऱ्या सज्जनास परलोकी वाटा आहे, असा तालमुद या यहुदी धर्मशास्त्रग्रंथाच्या काळातील पंडितांतील जो पक्ष पुढे मान्य झाला त्याचा निर्णय आहे. ज्याचे सातांवर भागते त्यास सहाशे तेरांच्या जोखडात कोणी आणि कशासाठी घालावे?

तरीही वतनास दत्तक असतोच. कोणी आपण होऊन आला तर त्यास प्रथम विचारावे की, हे लोक आज पीडित आणि तुच्छ लेखले गेलेले आहेत हे तुला ठाऊक नाही काय. ठाऊक असूनही तो हटला नाही तर त्यास घ्यावे, अशी तालमुदाची रीत आहे. आलेला मनुष्य अब्राहामाचा पुत्र म्हणविला जातो. बाराव्या शतकातील यहुदी पंडित मैमोनिदेसाने ओबद्या नावाच्या अशाच एका नवागतास, प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असे म्हणण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे, असे लिहून दिले. दाविद राजाची पणजी रूथ तरी कोण? मवाबी, परकी स्त्रीच!

हे सारे आपल्या कोकणात घडलेले पाहावे. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणविले गेलेले तेथील यहुदी, म्हणजे बेने इस्रायल, मराठीच बोलत आले, पण शेजारच्या तेल्यास त्यांनी कधी 'आमच्यात ये' म्हटले नाही. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधले ते आपल्या ज्ञातीसाठी. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांना हिब्रू शिकविली, ती ते ख्रिस्ती होतील या आशेने. झाले फार थोडे, उरलेल्यांनी त्या विद्येवर स्वतःचाच धर्मग्रंथ वाचला. मिशनरी प्रयत्नाचे इतके उलटे फळ क्वचितच आले असेल.

मात्र न बोलावणे निराळे आणि घरातल्यास उंबऱ्याबाहेर बसविणे निराळे. परज्ञातीय स्त्रियांपासून झालेल्या संततीस 'काळे इस्रायल' म्हणून या समाजाने वेगळे ठेवले, 'गोऱ्यां'शी त्यांचा बेटीव्यवहार नसे. हा शास्त्राचा नव्हे, आपल्या जातिसंस्थेचा संसर्ग होता असे मला वाटते; शास्त्रात दत्तकास वेगळी पंगत नाही. पुढे बेने इस्रायलांपैकी हजारो जण इस्रायलला गेले, तेव्हा तीच तपासणी त्यांच्यावर उलटली: बेने इस्रायलांचे विवाह इतर यहुद्यांशी लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे फर्मान तेथील मुख्य धर्मपीठाने काढले. निदर्शने झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव तेथील संसदेने केला; त्यानंतर धर्मपीठास आपल्या फर्मानातून त्यांचे नाव काढावे लागले.