स्मृती गेल्यावर उरतं कोण?

गणपतीला चाकरमानी मालवणात, आचऱ्यात, देवबागेत येतात आणि पुष्कळदा तेव्हाच घराच्या लक्षात येतं, की आई तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतेय. दिवेलागणीला ती स्वतःच्याच पडवीत उभी राहून म्हणते, ‘माका घराक जावचा आसा.’ कुणी याला बाधा म्हणतं, कुणी पूर्वजन्मीचं पाप. खरं तर हा मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया असावा.

धार्मिक मनाला इथे एक प्रश्न छळतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश आणि शेवटी माणसाचाच नाश सांगितला आहे. मग समोर बसलेली ही बाई कोण? पण ती साखळी विषयांच्या चिंतनातून सुरू होते. मेंदूच्या पेशी मरण्याशी तिचा संबंध नाही. आजारी माणसावर तिचा ठपका ठेवणं हा त्या ग्रंथावरही अन्याय आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेला संस्कृत पंडित उभा केला आहे. हत्तीमागून भरकटलेल्या त्या म्हाताऱ्याला माहुताची बायको लेकरासारखं सांभाळते. त्याची विद्वत्ता तिला ठाऊक नसते, त्याला स्वतःलाही आठवत नसते. तरीही तिला समोर माणूसच दिसतो, भुकेला आणि घाबरलेला. आत्म्याबद्दलच्या पुष्कळ चर्चांपेक्षा हे उत्तर भक्कम आहे.

कोकणातलं गाऱ्हाणंही तेच शिकवतं. देवापुढे उभा राहणारा मानकरी मुंबईतल्या, आजारी, तोंड न उघडू शकणाऱ्या सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आईचं नाव, तिची आवडती तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी, तिचं माहेर हे सगळं तिला आठवेनासं झालं, की ते जपणं इतरांकडे येतं.

इतरांकडे म्हणजे कुणाकडे? इथेच आपली श्रद्धा लंगडी पडते. आईबापांच्या सेवेसाठी पुंडलिकाने देवाला विटेवर थांबवलं, असं आपण सांगतो. घरोघरचा पुंडलिक मात्र बहुधा सून किंवा लेक असते. रात्री चार-चारदा उठणं, कपडे बदलणं, चोरीचा आळ ऐकून घेणं. ‘मोठं पुण्य करतेस गो’ म्हणणारे शेजारी तासभर आईपाशी बसले, तर सांभाळणारीला निदान अंघोळ तरी निवांत करता येईल.

विसरभोळेपणा दरवेळी डिमेन्शियाच असतो असंही नाही. बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य असेल तर उपचारांनी फरक पडतो, म्हणून देवस्कीआधी डॉक्टर गाठावा. सिंधुदुर्गाचं जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. टेली मानस ही सरकारची मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. तिथे रुग्णासाठीच फोन करावा असं नाही. रात्रभर जागलेली सून स्वतःसाठीही करू शकते.