परतीचे देणे

संगणकावरच्या नौदलयुद्धात समोर दुसरा माणूस खेळत असेल, तर विमानवाहू नौकेचा पहिला धडा लवकर पाठ होतो: त्याने आपल्याला हेरण्याआधी आपण त्याला हेरायचे आणि सगळी विमाने एकदम सोडायची. परतीचे इंधन पुरणार नसले, तरी हिशेब जुळतो. विमानांच्या बदल्यात नौका बुडाली, तर सौदा फायद्याचाच.

२० जून १९४४ रोजी फिलिपिन्सच्या समुद्रात अमेरिकी ॲडमिरल मिट्शर यांनी अशीच चाल केली. दिवस कलताना २०० हून अधिक विमाने पल्ल्याच्या टोकाला पाठवली. जपानची ‘हियो’ ही विमानवाहू नौका बुडाली. विमाने अंधारात परतू लागली, टाक्या रित्या होत होत्या. तेव्हा पाणबुड्यांचा धोका असूनही मिट्शर यांनी ताफ्याचे दिवे लावायला सांगितले. लढाईत सुमारे २० विमाने गेली होती. इंधन संपून आणि उतरताना आणखी सुमारे ८० गेली. पाण्यात पडलेली बहुतेक माणसे मात्र वाचली.

खेळात पहिल्या निर्णयाला गुण आहेत, दुसऱ्याला जागाच नाही. प्रशिक्षित वैमानिक राखणे हीही रणनीतीच, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण तेवढेच म्हटले, तर ते वाईट भाषांतरासारखे होते: आकडे सगळे बरोबर, माणूस तेवढा गळालेला. ज्याने पाठवले, त्याच्यावर परत आणण्याचे देणे असते. पटावरचे आम्ही दोघेही क्रूर नसतो. आमच्या नियमांत ते देणे कुठे लिहिलेलेच नसते, एवढेच.