शील डोळ्यांचेही असते



जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचा शिलालेख आहे. ते सत्कृत्य आजही दगडावर वाचता येते. मंचर, नारायणगाव, घोडेगाव येथे आता घरोघरी मोबाईल आहे. त्यावर पाहिलेल्या गोष्टीचीही खूण मागे राहते.

काही तरुण म्हणतात, "आम्ही कुणाला हात लावला नाही, नुसते पाहिले." परंतु बालकाच्या लैंगिक शोषणाची चित्रफीत म्हणजे एका जिवंत लेकराचा छळ होय. पाहणारा आहे म्हणून ती बनविणारा आहे. भगवान बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले. जाणूनबुजून तसले शोधणाऱ्याची चेतना निर्मळ कशी? पंचशीलातील तिसरे शील तेथेच भंगते.

कायदाही तेच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67-ब प्रमाणे अशी सामग्री शोधणे, पाहणे, उतरवून घेणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 5 वर्षांपर्यंत कैद व 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'खासगीत पाहणे गुन्हा नाही' असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 रोजी रद्द केला.

मातापित्यांनो, व्हॉट्सॲपवर असे काही आले तर पुढे पाठवू नका, साठवू नका. पोलिसांना कळवा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करा. विहारात वंदनेनंतर मुलांशी मोकळेपणाने बोला. लाज बोलण्याची नको, पाहण्याची हवी.

बाबासाहेबांनी विद्येहूनही शील थोर मानले. ते एकान्तातही पाळू या.

नमो बुद्धाय! जय भीम!