न दिसणारी हिंसा आणि जाणत्याचे कर्तव्य

अजाणता घडलेल्या हिंसेचा दोष कोणाचा? वाचकहो, 'जिथे हेतू नाही तिथे दोष नाही' असे उत्तर देऊन आपण चटकन मोकळे होतो. पहिल्या शीलातही हेतूला महत्त्व आहे, हे खरे. पण एवढे उत्तर पुरेसे आहे काय? करणाऱ्याला जी दिसतच नाही अशा एका हिंसेवर ते घासून पाहू.

प्रकाश ही लहर आहे. सूर्यकिरणात तिची कंपने सर्व दिशांना होतात. तो किरण शांत पाण्यावर तिरका पडून परतला की त्यात आडवी कंपनेच प्रामुख्याने उरतात. याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. १८०८ साली पॅरिसमध्ये मालुस या शास्त्रज्ञाला खिडकीच्या काचेवरून परतलेल्या प्रकाशात हा गुण आढळला. माणसाच्या डोळ्याला हा भेद जवळजवळ कळत नाही. खेकडे, कोळंबी अशा पुष्कळ कवचधारी प्राण्यांना मात्र तो कळतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एक लहान कोळंबी संकटात पळण्याची दिशा सूर्य आणि पाण्यातील ध्रुवित प्रकाश यांवरून ठरविते. एक नांगी मोठी असलेले चिखलातले छोटे खेकडे मुंबईच्या खाड्यांतही असतात. त्या जातीचे खेकडे चकाकत्या चिखलावर हालणारी वस्तू याच भेदामुळे अधिक चांगली ओळखतात.

आता माणसाची करणी पाहा. डांबरी रस्ता, काळे प्लॅस्टिक, काचेच्या भिंती, सौर पट्ट्या, तेलाचा तवंग यांवरून परतणारा प्रकाश पाण्याहूनही अधिक ध्रुवित असू शकतो. हंगेरीत पाण्यावर अंडी घालणाऱ्या माश्या डांबरी रस्त्यालाच पाणी समजून त्यावर अंडी घालतात, हे गाबोर होर्वाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखविले. ती अंडी सुकून मरतात. २००९ साली त्यांनी या प्रकाराला 'ध्रुवित प्रकाशाचे प्रदूषण' असे नाव दिले. आकाशही सुटलेले नाही. चांदण्या रात्री आभाळात ध्रुवित प्रकाशाचा एक पट्टा असतो. बर्लिन शहरावर दिव्यांच्या उजेडाने तो निम्म्याहून अधिक फिका झाल्याचे २०११ साली मोजले गेले.

समुद्रातील कवचधाऱ्यांची हानी कीटकांइतकी अजून मोजली गेलेली नाही. मग मोजणी पुरी होईपर्यंत गप्प बसावे काय? ज्याची वाट या प्रकाशावर ठरते, त्याची वाट आपण पुसतो आहोत, इतके तरी आज कळले आहे. जोवर ठाऊक नव्हते तोवर रस्ता बांधणारा दोषी नव्हता. कळल्यानंतरची बेपर्वाई मात्र अजाणता म्हणता येत नाही. ज्ञान वाढले की हेतूची कक्षाही वाढते.

कोणी म्हणेल, 'आमच्या वस्तीत दिवा आला तोच मुळी उशिरा. आता खेकड्यासाठी तो विझवायचा काय?' मुळीच नाही. अंधारातून चालणाऱ्या आयाबहिणींना दिवा हवाच. प्रश्न गरजेचा नाही, उधळपट्टीचा आणि रीतीचा आहे. सौर पट्टीवर पांढऱ्या रेघांची जाळी आखली की फसून येणारे कीटक पुष्कळ कमी होतात, हे २०१० साली सिद्ध झाले. दिव्याला वरून झाकण घातले की त्याचा उजेड आभाळात न जाता रस्त्यावर पडतो. एवढ्याने कोणाचे काही हिरावले जात नाही.

'मला दिसत नाही, म्हणून ते नाही,' हा युक्तिवाद आपण फार सोसला आहे. आपले दुःख ज्यांना दिसले नाही, त्यांनी ते नाहीच असे ठरविले होते. आता पाण्यातल्या मुक्या जिवापुढे उभे राहून तेच वाक्य आपण उच्चारावे काय? डोळ्याला जे दिसत नाही ते बुद्धीने पाहता येते, आणि बुद्धीने पाहिलेल्याला करुणेची जोड देणे हे जाणत्याचे कर्तव्य आहे. विचार करा.