कुठले देशमुख?

ज्या वर्षी मी नांदेडला कॉलेजात शिकवायला लागलो, त्या वर्षी माझ्या वर्गात चार देशमुख होते. हजेरी घेताना नुसते ‘देशमुख’ म्हटले की चार बाकांवरून ‘हजर सर’ यायचे. एक कंधारकडच्या मराठा शेतकऱ्याचा मुलगा, एक लातूरच्या ब्राह्मण घरातली मुलगी, एक औशाकडचा लिंगायत, आणि चौथा मुसलमान. त्याच्या पिशवीत मराठीच्या वहीशेजारी उर्दूचे पुस्तक असायचे. पहिल्या महिन्यात कार्यालयातल्या बाबूंपासून वसतिगृहातल्या मोठ्या पोरांपर्यंत ज्याने त्याने या चौघांना एकच विचारले, ‘कुठले देशमुख?’

प्रश्न गावाचा, पण रोख जातीवर. गाव सांगितले की जाणत्याला घर कळते, घर कळले की जात कळते, आणि पुढचे बोलणे त्या बेताने होते. मीही हा प्रश्न कितीदा तरी विचारला आहे. या आडनावाविषयीचे माझे मत मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जागेवर राहिले नाही.

पहिले मत लहानपणीचे, आणि ते गढीवरून झालेले. आमच्या गावात पांढऱ्या मातीची एक पडकी गढी होती, देशमुखांची. मृग लागायच्या आधी गावातली माणसे तिची माती खणून, गाढवांवर लादून घरी नेत आणि माळवदावर अंथरून चोपत. ही पांढरी पाणी धरते, खाली उतरू देत नाही. दर उन्हाळ्यात गढी हातभर कमी व्हायची. तरी उरलेला बुरूज पाहिला की वाटायचे, देशमुख म्हणजे थोर माणसे, ज्यांच्या मातीवर सगळ्या गावाची घरे कोरडी राहतात.

पुढे वाचायला लागलो तेव्हा कळले की ‘देशमुख’ हे माणसाचे नाव नव्हतेच, ते कामाचे नाव होते. यातला देश म्हणजे परगणा. काही गावांचा, कधी शंभरावर गावांचा. त्याचा मुख्य तो देशमुख, आणि हिशेब लिहिणारा देशपांडे. गावपातळीवर पाटील आणि कुलकर्णी, तशीच ही परगण्याची जोडी. बहमनी काळापासून पुढच्या सगळ्या सुलतानांनी ती सांभाळली, कारण तिच्यावाचून सारा गोळा होत नव्हता. वसुली हे त्यांचे एक काम. दुसरे, माझ्या मते अधिक मोलाचे, काम म्हणजे लावणी-संचणी: ओसाड गाव पुन्हा वसवणे, पडीक रान लागवडीला आणणे. नव्या कुळाला कौल द्यायचा, पहिली काही वर्षे सारा हलका ठेवायचा आणि मग चढत न्यायचा. याला इस्तावा म्हणत. दुष्काळाने उठलेला मुलूख असा हळूहळू बसवत.

या कामाच्या बदल्यात वतन मिळे. इनाम जमीन, वसुलीत वाटा, तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडे, आणि सणावाराला मान. काम एकदाचे, वतन मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे. खोट इथेच होती. बापाने गाव वसवले म्हणून नातवाने जोडे फुकट घ्यायचे. शिवाजी महाराजांना हे दिसले होते. वतनदारांनी बांधलेले हुडे-कोट महाराजांनी पाडले आणि त्यांचे हक्क बांधून दिले, असे सभासदाच्या बखरीत आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त तर वतनदारांवर वेगळे प्रकरणच आहे. हे लोक दिसायला रयत, पण वृत्तीने राज्याचे वाटेकरी, तेव्हा त्यांना तोडूही नये आणि मोकळेही सोडू नये, असा त्यातला सल्ला. आणि त्याच मराठी राज्याने दख्खनच्या सहा सुभ्यांवर वसुलीतला दहावा हिस्सा मागितला तो ‘सरदेशमुखी’ या नावाने. ज्या हक्काची भीती, तोच हक्क मोठा करून राज्याने स्वतःसाठी मागितला.

आमचा मुलूख १७२४पासून आसफजाही निजामांकडे. तिथे वसुलीचे मक्ते चालत आणि मक्तेदार पुष्कळदा देशमुखच असे. निजामांचे दिवाण सालारजंग यांनी १८६५च्या सुमारास जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले, सरकारी तहसीलदार नेमले, देशमुखांच्या हातची वसुली काढून घेतली आणि त्यांना वर्षाला ठरावीक रुसूम बांधून दिली. पद गेले, रक्कम राहिली, जमीन राहिली, नाव राहिले. शाळेच्या आणि कचेरीच्या दप्तरांत आडनावाचा रकाना आला तेव्हा त्यात हे मोकळे झालेले पद लिहिले गेले. ज्या ज्या जातीच्या घराकडे परगण्याचे वतन होते, ते घर देशमुख. माझ्या वर्गातल्या चौघांचा उलगडा इतका साधा होता.

माझे दुसरे मत तेलंगणाविषयी वाचताना झाले, आणि ते कडू होते. धर्माबाद-बिलोलीच्या पलीकडे निजामाच्याच राज्यात देशमुख हा शब्द आडनाव झाला नाही, पदवीच राहिला. विसनूरचे देशमुख रामचंद्र रेड्डी यांच्या अमलातल्या कडवेंडी गावात ४ जुलै १९४६ रोजी दोड्डी कोमरय्या गोळीला बळी पडला आणि तेलंगणाचा सशस्त्र लढा पेटला. तिथल्या म्हाताऱ्यांना ‘देशमुख’ म्हटले की वेठ आठवते, ‘दोरा’समोर, म्हणजे जमीनदारासमोर, पायातले काढून हातात घेणे आठवते. एकाच निजामाच्या कागदावरचा एकच शब्द, आणि मी त्याच्या गढीची माती कौतुकाने पाहत होतो. काही वर्षे मला हे आडनाव उच्चारतानाही अवघड वाटायचे.

सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाई झाली, १९४९मध्ये जहागिरी गेल्या, १९५०मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला. हक्क म्हणून जे काही होते ते कागदावर संपले. पण हक्क संपण्याच्या कितीतरी आधी या नावाच्या माणसांनीच त्याचा अर्थ बदलायला घेतला होता, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. तिसऱ्या मताची सुरुवात तिथे झाली.

गोपाळ हरी देशमुख १८२३मध्ये पुण्यात जन्मले. घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये. देशमुखी वतन मिळाले म्हणून देशमुख. १८४८पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात त्यांनी शंभरावर पत्रे लिहिली, जन्माच्या मोठेपणावर घाव घातले, आणि ती लिहिताना वतनाचे नाव बाजूला ठेवून ‘लोकहितवादी’ हे नाव घेतले. अमरावतीच्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख मूळचे कदम. ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून आलेला हा माणूस अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उभा राहिला, वऱ्हाडात शिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि १९५२पासून दहा वर्षे देशाचा कृषिमंत्री होता. दोघांच्याही बाबतीत आडनाव म्हणजे वरून चढलेला थर. खाली सिद्धये होते, कदम होते. देशमुख कुणी जन्माने नव्हतेच, कधीतरी एका सनदेने झाले होते, आणि सनदेने जे होते ते माणसाला उतरवूनही ठेवता येते.

आमच्या भागातलेच दोन देशमुख घ्या. हिंगोलीजवळच्या कडोळीचे नानाजी देशमुख, जन्म १९१६. त्यांनी गाव सोडले, घर केले नाही, आयुष्य गोंडा आणि चित्रकूटच्या खेड्यांत घालवले. १९७७मध्ये बलरामपूरहून लोकसभेत गेले आणि मंत्रिपद नाकारले. २०१०मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान झाले. २०१९मध्ये भारतरत्न जाहीर झाले तेव्हा कडोळीचे नाव देशभर गेले. त्यांचे राजकारण माझे नाही, पण ज्या वतनदारीचा सगळा जीव जमिनीत आणि वारसात होता, तिचे नाव लावणाऱ्याने मागे जमीनही ठेवली नाही आणि वारसही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

दुसरे लातूरजवळच्या बाभळगावचे विलासराव, जन्म १९४५. ते गावातच राहिले आणि ग्रामपंचायतीपासून चढत गेले. सरपंच, आमदार, दोनदा मुख्यमंत्री. लातूरला त्यांच्याबद्दल जी आपुलकी आहे तिच्यात गढीबद्दलचा जुना आदरही मिसळलेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १९९५च्या निवडणुकीत याच लातूरने त्यांना पाडले. सनदेच्या देशमुखाला कुणी पाडू शकत नव्हते. विलासरावांना पुन्हा दारोदार जावे लागले, आणि १९९९मध्ये ते मुख्यमंत्री झाले ते मते मागून. देशमुखाने कुळाच्या दारात जाऊन हात जोडायचे, एवढा बदल या एका नावात दोन पिढ्यांत झाला. त्यांचा मुलगा रितेश सिनेमात गेला. त्याच्या आडनावाचा परगण्याशी काही संबंध असेल हे तिकीट काढणाऱ्याच्या मनातही येत नाही.

मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते कॉम्रेड दत्ता देशमुख. लाल निशाण पक्षाचे, अहमदनगरकडचे, पाण्याचे जाणकार. १९७०च्या दशकाच्या अखेरीस वि. म. दांडेकर आणि वि. रा. देऊस्कर यांच्याबरोबर त्यांनी आठमाही पाण्याचा विचार मांडला: कालव्याचे पाणी बारा महिने थोड्यांच्या उसाला देण्यापेक्षा आठ महिने अधिक शेतकऱ्यांच्या पिकांना द्या. जुन्या भाषेत ही लावणी-संचणीच. फक्त यात स्वतःचा वाटा मागितलेला नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आले, तेव्हा घागरी घेऊन उभ्या बायकांकडे पाहताना मला दत्ता देशमुख आठवले. त्यांचे ऐकले असते तर, हा विचार आजही जात नाही.

असे आणखी आहेत. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेले शेकापचे गणपतराव, ‘बारोमास’मध्ये शिकून बेकार झालेल्या शेतकरी पोराची तगमग लिहिणारे सदानंद, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मेघदूताचे मराठी भाषांतरकार चिंतामणराव. आणि दुर्गाबाई! राजमहेंद्रीची तेलुगू मुलगी, संविधान सभेची सदस्य, १९५३मध्ये चिंतामणरावांशी लग्न करून देशमुख झाली. ‘कुठले देशमुख?’ असे दुर्गाबाईंना कुणी विचारले असते तर काय उत्तर आले असते, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

हे सगळे खरे असूनही, अर्थ बदलला म्हणजे सगळे बदलले असे मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर पांढरीचे जाड माळवद, अशीच घरे माणसांवर कोसळली. मी चौथ्या दिवशी तिकडे गेलो होतो. वाडा कुठला आणि झोपडी कुठली हे ढिगाऱ्यावरून सांगता येत नव्हते. पण पुनर्वसनाची घरे बांधली तेव्हा अडीचशे चौरस फुटांपासून साडेसातशेपर्यंत तीन मापे ठरली, आणि कुणाला कोणते माप हे ठरले ज्याच्या त्याच्या जमिनीवरून. जमीन कुणाकडे जास्त होती आणि का होती, त्याचे उत्तर जुन्या सनदांत आहे.

नावाचे वजन काय असते हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला म्हणून ऑगस्ट १९७८मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जाळून मारले. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडली. त्याच वर्षी नांदेडला नवे विद्यापीठ झाले आणि त्याला नाव दिले स्वामी रामानंद तीर्थांचे. स्वामीजी मूळचे व्यंकटेश खेडगीकर. संन्यास घेताना त्यांनी आडनाव सोडून दिले होते. ज्याला सोडायला आडनाव होते त्याने ते सोडले. ज्याच्या नावापुढे सरकारी कागदात कैक पिढ्या नुसती जातच लिहिली गेली, त्याने काय सोडायचे?

आता काळाने आणखी एक पालट दाखवला आहे. २०२३पासून निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात जुन्या दप्तरांतल्या ‘कुणबी’ नोंदी शोधायला घेतल्या. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. ज्या घरांनी ‘देशमुख’ हा एक शब्द पेटीत जपून ठेवला, त्यांतलीही माणसे त्याच पेटीत आता ‘कुणबी’ हा शब्द शोधताना मी पाहिली आहेत. आरक्षणाचा निकाल न्यायालये देतील. पण कसणाऱ्याचे नाव कसून घेणाऱ्याच्या नावापेक्षा मोलाचे ठरण्याची ही वेळ माझ्या आजोबांना खरी वाटली नसती.

मराठवाड्यातल्या देशमुख-देशपांडे घरांना एवढेच मागणे आहे. तुमच्या माळ्यावर कागदांचे रुमाल असतील. मोडीतले, फारसीतले, उर्दूतले. त्यांत कुणाचा सारा किती, कुणाकडून तेल किती आणि जोडे किती, हे लिहिलेले आहे. ज्यांना आडनाव नव्हते त्यांची नावे फक्त तिथे आहेत, रामा, लखू, गंगी अशी, एकेका ओळीत. तुम्हाला हवी ती नोंद मिळाली की बाकीचे कागद वाळवीला देऊ नका. ते विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवा, निदान पानन्‌पानाचे फोटो काढून ठेवा. मी मोडी वाचतो. बोलवाल तिथे येईन.