पाचवे कारण

महाबळेश्वरच्या एकाच डोंगरमाथ्यावरून निघून दोन निराळ्या खोऱ्यांनी उतरलेल्या कृष्णा आणि कोयना कराडला समोरासमोर येऊन भेटतात आणि एक होऊन पूर्वेकडे वळतात, म्हणून त्या स्थळाला प्रीतिसंगम हे नाव पडले. उन्हाळ्यात जेथे मुलांचे खेळ रंगतात ते वाळवंट भर पावसाळ्यात नाहीसे होते, घाटाच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जातात, सुवासिनी कृष्णामाईची ओटी भरतात, आणि त्याच सुमारास कचेरीत कोयना धरणाचे दरवाजे किती फुटांनी उचलले याची विचारपूस चालू असते. ओटी भरणारीच्या लेखी ते आईचे पाणी, कचेरीच्या लेखी क्युसेकचे. या दोन दृष्टी परस्परविरोधी आहेत असे सुशिक्षित मनुष्य सहज गृहीत धरतो, परंतु मला तसे वाटत नाही. कारण हे पाणी कोणी आणले, हा एकच प्रश्न दोघांच्याही मनात असतो, आणि त्याचे समाधानकारक उत्तर दोघांपैकी कोणालाही मिळत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माच्या सिद्धीस अधिष्ठान, कर्ता, करणे आणि नानाविध चेष्टा अशी चार कारणे सांगून दैव हे पाचवे म्हणून गणले आहे, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी असंस्कृत होय असे लगेच पुढे बजावले आहे. दैवाला येथे नाकारलेले नाही. त्याला केवळ रांगेत शेवटी उभे केले आहे. आपण संकटसमयी जे करतो ते नेमके उलट: प्रथम दैवाचे नाव घेतो, आणि ते घेतल्यावर उरलेल्या चौघांची चौकशी करण्याचे प्रयोजनच राहत नाही.

१९३४ साली बिहारच्या भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे असे म्हटले आणि रवींद्रनाथांनी त्याला प्रकट विरोध केला, तेव्हा वाद असा होता की निसर्गाच्या कृतीला मानवी नीतीचे कारण असू शकते काय. आमच्या खोऱ्यात वाद उलटा झाला आहे: माणसाच्या हातून घडलेल्या कृतीचे किती अंश निसर्गाच्या खाती जमा करावे? येथे भूकंपसुद्धा निखालस दैवी राहिलेला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ज्या धक्क्याने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, तो जलाशयातील पाण्याच्या भाराने प्रेरित झाला असावा असे शास्त्रज्ञ मानतात, आणि जगभरच्या भूकंपशास्त्राच्या ग्रंथांत कोयनेचे नाव त्या निमित्ताने गेले आहे.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जेथे पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी मानतात, कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सांगली-कोल्हापुरातील गावेच्या गावे वेढली गेली आणि पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट रोजी गावकऱ्यांना घेऊन निघालेली नाव उलटून कित्येक जीव गेले. या प्रसंगावर पाच कारणांचा आडाखा धरून पाहावा. अधिष्ठान हे खोरे, आणि त्यात पूररेषेच्या आत आपण उभारलेल्या वसाहती. करणे म्हणजे कोयना, धोम, कण्हेर, वारणा या धरणांचे दरवाजे आणि गावोगावच्या अपुऱ्या नावा. चेष्टा म्हणजे हवामान खाते, पाटबंधारे, महसूल, नगरपालिका आणि ग्रामपंचायत यांच्यामध्ये गेलेला किंवा न गेलेला प्रत्येक निरोप. पाऊस असामान्य होता, यात शंका नाही, ते पाचवे. परंतु दुसरे कारण, कर्ता, शोधू लागावे तो हाती काही लागत नाही. धरणाचा अभियंता म्हणतो, मी जलाशय परिचालनाच्या सूचीप्रमाणे वागलो. महसूल खाते म्हणते, इशारा आम्हांस मिळाला तसा आम्ही पुढे दिला. गाव म्हणते, नाव मागितली होती. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या दप्तरापुरते खरे असते, आणि या सर्व खरेपणांची बेरीज होऊन माणसे बुडतात.

अभियंत्यावर मात्र अन्याय होऊ नये. ज्या वर्षी पलूस-मिरज बुडाले त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत जनावरे चाऱ्याच्या छावण्यांत उभी होती. कोयनेचा साठा १०५ टीएमसीचा. त्यातील मोठा भाग सह्याद्रीपलीकडे पोफळीला वीज करून अरबी समुद्रास मिळतो, आणि उरलेल्यावर पूर्वेकडच्या उसापासून पिण्याच्या पाण्यापर्यंत सर्वांचा डोळा असतो. जुलैत धरण मोकळे ठेवावे आणि पुढे पावसाने दडी मारली, तर पुढच्या वैशाखात तहानेल्या गावांचा शाप. भरू द्यावे आणि आकाश फाटले, तर बुडालेल्यांचा. दोन्ही पक्ष निर्णयाच्या क्षणी अदृश्य असतात. अशा मनुष्याला फलावरून दोषी धरणे योग्य नव्हे, हे लोकमान्यांच्या गीतारहस्याचे वाचक तरी मान्य करतील. कर्माची नैतिक योग्यता बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, हा त्या ग्रंथाचा आग्रह आहे.

पण कचेरीची बुद्धी कोठे राहते? मनुष्याला अंतःकरण असते. खात्याला असते ते दप्तर. पर्जन्याचा अंदाज कोणत्या वाजता आला, तो कोणी वाचला, दरवाजे उचलण्याचा हुकूम केव्हा निघाला, खालच्या गावाला किती तास मिळाले, ही नोंद हेच खात्याचे अंतःकरण होय, आणि ती लोकांपुढे ठेवण्यास कुरकुर करणारे खाते आपली बुद्धी शुद्ध होती असे म्हणू शकत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले, त्याचा धार्मिक म्हणावा असा अर्थ माझ्या मते इतकाच आहे की विखुरलेल्या कर्तृत्वाला एक नाव मिळावे. नाव मिळाले, नोंद पुरती उघडी झाली असे म्हणवत नाही. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० साली दिलेल्या अहवालात असाधारण पर्जन्य आणि पूररेषेतील अतिक्रमणे यांवर बोट ठेवले आणि खाली कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याला दोष दिला नाही, तो निष्कर्ष अनेक सांगलीकरांना अद्याप पटलेला नाही. आणि विश्वास नसेल तेथे खरा निष्कर्षही सरकारी सबबीसारखा ऐकू येतो.

मदतीच्या वेळी याच अकर्त्या सरकारला एकाएकी कर्तृत्वाची आठवण झाली. त्याच पुरात प्रथम असा शासकीय निर्णय निघाला की दोन दिवसांहून अधिक काळ क्षेत्र पाण्याखाली असेल तरच दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मोफत मिळावेत. जणू दीड दिवसाच्या पुरात चूल अर्धीच विझते! मागाहून धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे चिकटवलेली आढळली आणि गहजब झाला. पाणी सोडताना नाव नको, गहू वाटताना चेहरा हवा, ही वृत्ती राजकीय अशिष्टता म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्यामुळे दानाची कल्पनाच भ्रष्ट होते. दान आपल्या स्वत्वातून होते. सरकारजवळ आपले असे काही नसते, रयतेचेच रयतेला परत करायचे असते, आणि परत करणाराने उपकारकर्त्याचा आविर्भाव आणू नये. पंचनामा करणाऱ्या तलाठ्यापुढे घराची पडलेली भिंत दाखवताना हात जोडावे लागणे, हे त्या आविर्भावाचेच दुसरे टोक आहे.

कृष्णाकाठच्या भक्तीला मात्र दैववादी म्हणून हिणवण्याची घाई करू नये. नृसिंहवाडीला पूर चढून दत्तपादुकांवरून दक्षिणेच्या द्वाराने बाहेर पडू लागला की भाविक दक्षिणद्वार सोहळ्याचे स्नान करतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवली जाते. पुराला तेथे प्रसाद मानतात आणि तरीही मूर्ती कधी, कोठे न्यायची याविषयी संभ्रम नसतो. देवाची नीट व्यवस्था लावून मगच देवावर भार टाकणारी ही श्रद्धा पाच कारणांचा क्रम आमच्या खात्यांपेक्षा अधिक अचूक पाळते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

२०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर खचून माणसे गाडली गेली, तेथे दरवाजा नव्हता, क्युसेक नव्हते, सोडणारा हात नव्हता. पाचवे कारण प्रथम उच्चारण्याचा मोह अशा ठिकाणी सर्वांत प्रबळ होतो, आणि मृतांच्या आप्तांनी तो उच्चार केला तर तो त्यांचा अधिकार आहे. शासनाचा तो नव्हे. उताराची पाहणी कोणी केली होती, धोक्याची गावे कोणत्या यादीत होती, आणि पुनर्वसनाची जागा ठरण्यास पावसाळ्यामागून पावसाळे का जावे, याची उत्तरे त्याच्याच दप्तरात शोधावी लागतील.